गाणाऱ्याचा अख्खा लाडू

मोरीचं दार आतून लावून घ्यायचं, आरशासमोर उभं राहायचं, उजव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटवून उभी धरायची आणि ती दातांच्या मधून आत जातात का ते पाहायचं. दाढीचा साबण लावण्याआधी गुलाबचंद सोनकुसरे हे काम रोज उरकत असे. दिवाळीच्या सुमारास तिसरं बोट अडायला लागलं. होळीपर्यंत दुसरंही मुश्किलीनं जाऊ लागलं. एके दिवशी जोर लावताना बोटाचं साल निघालं, तेव्हापासून त्यानं बोटं घालणं सोडून दिलं. आरशातही तो मग गालांपुरतंच पाही.

"काहून जी, झोपले का आत?" बाहेरून अंजनाबाई, त्याची बायको, दार ठोकत असे.

"येतो ना. दाढी पण करू देत नाही निवांत."

"दाढी करून राहिले का गवत कापून राहिले?"

दात घासायचा ब्रशदेखील आता आडवा घालावा लागत होता. तिखटाचा घास तोंडात गेला की आत आग पेटल्यासारखी होई. रविवारी घरात झणझणीत सावजी रस्सा शिजला की तो भात आणि दही कालवून बाजूला बसे आणि "पोट बरं नाही" म्हणे. इतक्या रविवारी एकाच माणसाचं पोट बिघडलेलं कसं असतं, हे विचारायला अंजनाबाईंना वेळ नव्हता. घरात लगीनघाई होती. दोन लेकरांत थोरला आणि एकुलता एक मुलगा चेतन याचं खापा गावच्या हर्षाशी लग्न ठरलं होतं.

लग्नाची तारीख जसजशी जवळ येत होती तसतसा गुलाबचंद आतून आक्रसत चालला होता. त्याचं कारण होतं एक गाणं आणि एक लाडू.

गुलाबचंदचा जन्म नागपुरातल्या तांडापेठेतला. वडिलांचा हातमाग होता, ते लुगडी विणत. मागाच्या ठोक्यावर पोरगा आपोआप गायला लागला. एकदा धोंडबा मास्तर म्हणून एक जण लुगडं घ्यायला आले. त्यांची लग्नात गाणारी-वाजवणारी पार्टी होती. त्यांनी लुगडं बाजूला ठेवलं आणि पोराला पुन्हा गायला लावलं. महिन्याभरात पोरगा मास्तरांच्या पार्टीत होता. पुढे माग मोडीत निघाला, वडील गेले, गुलाबचंद सदर बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायला लागला. पण लग्नसराईत संध्याकाळी तो गायकच असे.

त्या काळी नवरदेवाच्या हळदीला लहानपणाची आणि जवानीची गाणी लावायची पद्धत होतीच. सिनेमातली असत, कॅसेटवरची असत. त्यात मास्तरांनी स्वतःचं एक रचून घातलं. त्याची कॅसेट निघाली आणि पूर्व नागपुरात एकही हळद त्याच्याशिवाय होईना. लोक त्याला 'मिसरूडचं गाणं' म्हणत. चार कडवी, आणि चारही कडव्यांत एकच पोरगा मोठा होत जाई. पहिल्यात तो कालच मायच्या कडेवर होता. दुसऱ्यात,

*पाटी फुटली, चड्डी फाटली, बापानं धरला कान.*

आणि तिसऱ्यात,

*ओठावर मिसरूड, गालात खर्रा, पोट्टा झाला जवान!*

इथे मांडवात शिट्ट्या वाजत. पोरं एक गाल फुगवून, त्यावर बोटानं टिचकी मारत नाचत. शेवटच्या कडव्यात नवरदेव घोड्यावर बसे आणि गाणारा त्याला सांगे,

*निघाला गा आता, मागे वळून पाय,*
*एकदा तरी म्हण गा तिथून, माय... माय... माय!*

हा शेवटचा 'माय' वरच्या पट्टीत, तोंड पूर्ण उघडून, दम संपेपर्यंत लांबवायचा. नवरदेवाची आई रडू लागली की गाणं जमलं. मग ती मुलाला आपल्या हातानं बुंदीचा एक अख्खा लाडू भरवी. त्यानंतर दुसरा लाडू गाणाऱ्याला, तोही अख्खा, एका घासात. "ज्यानं माय म्हटलं त्याले मायच्या हातचा लाडू," असं मास्तर म्हणत. लोक 'अख्खा! अख्खा!' म्हणून टाळ्या वाजवत आणि गाणाऱ्याचे फुगलेले गाल पाहून पोट धरून हसत.

सुरुवातीला गुलाबचंद फक्त पहिलं कडवं गाई, कारण आवाज कोवळा होता. मग एका मांडवात त्याचा आवाज मधेच फाटला. लोक हसले. त्याला रडू आलं. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, खिशातून प्लास्टिकची पन्नी काढली आणि चिमूटभर खर्रा त्याच्या तळहातावर ठेवला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर चांगला घोटलेला.

"घे बे. उद्यापासून चारही कडवी तूच गाशील. माणूस झाला तू."

त्या दिवशी त्याला गरगरलं, उलटी झाली. दुसऱ्या दिवशी झाली नाही. तेव्हापासून खर्रा त्याच्या गालातून हलला नव्हता. लहान मुलाचा आवाज त्यानं पुन्हा गळ्यात बसवला, मास्तर गेल्यावर पार्टीही तोच सांभाळू लागला, आणि चारही कडवी त्याचीच झाली.

गेल्या वर्षभरात मात्र शेवटचा 'माय' दबू लागला होता. सूर बरोबर लागे, पण झाकण ठेवलेल्या भांड्यातून यावा तसा येई. पार्टीत कॅसिओ वाजवणारा धम्मानंद हा त्याचा पंचवीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याच्या कानाला ते कळलंच.

"तुझा आ कुठे गेला बे?" त्यानं एकदा सामान टेम्पोत चढवताना विचारलं.

"माइक खराब आहे."

"माइक मीच आणला ना. माइक टकाटक आहे. तोंड उघडून गा ना जरा."

"तू तुझा डब्बा वाजव. मले शिकवू नको."

दुसऱ्या दिवसापासून धम्मानंदनं गाण्याची पट्टी अर्ध्या सुरानं उतरवली. तेही न विचारता.

लाडूचं काय करायचं, हे गुलाबचंदनं स्वतः शोधून काढलं होतं. पहिल्यांदा त्यानं लाडू रुमालात बांधला आणि "घरच्या लक्ष्मीसाठी नेतो" म्हणाला. बायांनी कौतुक केलं. पुढच्या मांडवात उपास सांगितला. पण चिकन खाऊन आलेल्या माणसाला उपास किती दिवस चालणार? शेवटी त्यानं शुगर झाली म्हणून सांगितलं. ही थाप सगळ्यांत चांगली चालली. इतकी चांगली, की ती फिरत फिरत अंजनाबाईंपर्यंत पोहोचली. त्यांनी नवऱ्याला जाब विचारला नाही, सरळ त्याच्या चहातली साखर बंद केली आणि सकाळी उठल्याबरोबर कारल्याचा रस समोर ठेवायला सुरुवात केली. गुलाबचंद तो रस डोळे मिटून पिई. खरं सांगण्यापेक्षा कारलं बरं, असं त्याला वाटे.

खरं म्हणजे काय, ते त्यानं पाहिलं होतं. पार्टीत ढोलक वाजवणारा ओमप्रकाश असाच आधी तिखट सोडून बसला, मग तोंड आखडलं, मग गालात आतून पांढरा चट्टा आला. तो डॉक्टरकडे गेला तेव्हा उशीर झाला होता. ऑपरेशननंतर गुलाबचंद त्याला भेटायला गेला. खाटेवर बसलेल्या माणसाला अर्धा चेहरा नव्हता. तो दुपट्ट्यानं उरलेलं झाकत होता. बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं गुलाबचंदचा हात धरून खाटेच्या फळीवर मिसरूडच्या गाण्याचा ठेका वाजवून दाखवला. गुलाबचंद बाहेर आला, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर थांबला आणि त्यानं खर्राच घेतला. ओमप्रकाश त्या पावसाळ्यात गेला.

आता गुलाबचंदच्या डाव्या गालातही जिभेला काहीतरी खरखरीत लागत होतं. जीभ सारखी तिकडे जाई. साडीची घडी उलगडताना, जेवताना, गिऱ्हाइकाशी बोलताना. तो ती ओढून परत आणी आणि ती पुन्हा जाई. दवाखान्यात गेलं की रोगाला नाव पडेल. नाव पडलं की ते खरं होईल. एकदा चेतनचं लग्न पार पडू दे, एवढंच तो स्वतःला सांगत होता.

पण लग्नाच्या आधी हळद होती. हळदीत ते गाणं होतं. आणि या वेळी नवरदेवाची आई म्हणजे अंजनाबाई होत्या.

शुगरची थाप इथेही चालेल असा त्याचा हिशेब होता. हळदीच्या आदल्या दिवशी तो घरी आला तेव्हा बायको स्वयंपाकघरात काहीतरी वळत बसली होती.

"पाहा जी," तिनं ताटलीतून एक गोळा उचलून दाखवला. "खजूर, काजू अन् तूप. साखरेचा कण नाही. लोकाच्या लाडवाले नाही म्हणता, ठीक आहे. पोराच्या हळदीत माझ्या हातचा अख्खा खा लागते."

लाडू चांगला लिंबाएवढा होता.

"एवढा मोठा काहून केला?"

"एकुलता एक पोरगा आहे. सुपारीएवढा करू का मंग?"

हळदीच्या दिवशी दुपार कलली तसा घरासमोर मांडव भरला. चेतन पाटावर बसला होता, कपाळापासून पावलांपर्यंत पिवळा. त्याचे दोस्त बनियनवर नाचत होते. गुलाबचंदनं माइक हातात घेतला. धम्मानंदनं त्याच्याकडे पाहिलं.

"करायचं का? नाहीतर मी कॅसेटच लावतो," तो हळूच म्हणाला.

"माझ्याच पोराच्या हळदीत कॅसेट?"

"मी आपलं विचारलं."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं लेकराच्या आवाजात, ओठ जवळ ठेवून गाता येई, ते छान निघालं. दुसऱ्याला म्हातारी माणसं हसली. तिसरं आलं आणि नेहमीप्रमाणे शिट्ट्या वाजल्या. चेतनच्या दोस्तांनी गाल फुगवले, टिचक्या मारल्या, एकानं तर खिशातून पन्नी काढून नवरदेवाच्या डोळ्यांसमोर नाचवली. चेतन हसला. त्यानंही गालाला टिचकी मारली. गुलाबचंदनं हे दृश्य शेकडो मांडवांत पाहिलं होतं. आज 'जवान' तो म्हणालाच नाही. पोरांनीच ओरडून पुरा केला.

शेवटचा 'माय' त्यानं जीव एकवटून काढला. जबड्याच्या सांध्यात कळ गेली. सूर पातळ, दबका, कुठल्यातरी बंद खोलीतून यावा तसा आला. धम्मानंदनं कॅसिओचा आवाज चढवून त्यावर पांघरूण घातलं. अंजनाबाई रडल्या. सगळ्यांना वाटलं, गाणं जमलं.

त्या पदरानं डोळे पुसत उठल्या आणि बुंदीचा लाडू घेऊन चेतनसमोर बसल्या. "उघड तोंड, राजा."

चेतननं आईचा हात मधेच धरला. लाडू स्वतःच्या बोटांनी फोडला, लहानसा तुकडा दातांमधून आत सारला आणि मान बाजूला वळवून हसत म्हणाला, "बाकीचा हर्षासाठी ठेव ना, आई. उद्या देईन तिले."

मांडवात एकच हशा झाला. "आतापासून बायकोचा झाला वं!" कोणी आत्याबाई ओरडली. बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

गुलाबचंद तेवढा हसला नाही. ती मान वळवणं त्याच्या ओळखीचं होतं. तो तुकडा आत सारणं ओळखीचं होतं. बाकीचा लाडू बायकोच्या नावानं बाजूला ठेवणं, तेही. हे सगळं वर्षभर तो स्वतः करत आला होता. गेल्या काही महिन्यांत चेतननं रस्सा मागितला होता का? आठवेना. पाणीपुरी? मागे एकदा त्याची धाकटी बहीण म्हणाली होती, दादा खातच नाही आजकाल, वजन उतरवून राहिला वाटते लग्नासाठी. आणि आपण मान डोलावली होती.

आतापर्यंतची भीती त्याच्या गालापुरती होती. आता ती पाटावर पिवळी होऊन बसली होती आणि हसत होती.

"घ्या जी," अंजनाबाई खजुराचा लाडू घेऊन समोर आल्या होत्या. "अख्खा! अख्खा!" मांडव टाळ्यांवर ठेका धरू लागला. गुलाबचंदच्या मनात थापा रांगेनं उभ्या राहिल्या. उलटी होते. चक्कर येते. माइक धरला आहे, नंतर खातो. त्यानं माइक खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

लाडू दातांवर अडला. अंजनाबाईंनी हसत जरा दाबला. खजुराचा थर ओठांवर पसरला.

"उघडा ना."

"इतकंच उघडते."

"काहीतरीच! चांगलं उघडा, लोक पाहून राहिले."

"अंजना," तो म्हणाला, "इतकंच उघडते. वर्ष झालं. शुगर-बिगर काही नाही मले."

त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी आधी त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग डोळ्यांकडे. ओमप्रकाशच्या बायकोला भेटायला त्याही गेल्या होत्या. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. लाडू ताटलीत परत ठेवताना ताटली वाजली.

गुलाबचंद त्यांना ओलांडून पाटाजवळ गेला आणि मुलासमोर उकिडवा बसला.

"तोंड उघड."

"काय झालं, बाबा?"

"उघड म्हणतो ना."

"बाबा, लोक आहेत इथे. दोस्त पाहून राहिले माझे."

"पाहू दे. माझंही पाहिलं त्यायनं आत्ताच." त्यानं मुलाची हळदीनं माखलेली हनुवटी धरली. आपल्या उजव्या हाताची तीन बोटं त्यानं उभी केली, जशी पूर्वी रोज सकाळी करत असे. चेतननं त्या बोटांकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. ही बोटं कशासाठी आहेत हे त्याला माहीत होतं. तोही मोरीचं दार लावून घेत होता.

दोन बोटं गेली. तिसरं दाताला लागलं.

मांडव गप्प झाला होता. त्या शांततेत धम्मानंदनं एकाएकी कॅसिओवर नाचाचं एक गाणं इतक्या जोरात सुरू केलं की लहान मुलं दचकली आणि मग नाचायला लागली. लोकांच्या माना तिकडे वळल्या. बाप आणि मुलगा तसेच समोरासमोर बसून राहिले.

"कधीपासून?" गुलाबचंदनं विचारलं.

"कॉलेजात गेलो तेव्हापासून."

"कोणी दिला पहिला?"

चेतन पाटाकडे पाहत होता. "तुमच्याच शर्टाच्या खिशातला घेतला होता. तुम्ही मांडवात गाऊन राहिले होते. सगळे पोट्टे नाचत होते, मी एकटाच कोरा होतो."

गुलाबचंदनं खिशात हात घातला, पन्नी बाहेर काढली. ती कुठे टाकावी हे न सुचून तो ती मुठीत धरून बसला. शेवटी अंजनाबाईंनी ती त्याच्या मुठीतून सोडवून घेतली आणि चुलाण्यात टाकली. मग काही न विचारता त्यांनी चेतनच्या दोस्ताच्या हातातलीही ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी खाप्याला लग्न झालं. विहीण म्हणाली, आमचे व्याही फार कमी बोलतात. हर्षाला अंजनाबाईंनी सगळं सांगून टाकलं. गृहप्रवेशाच्या आधीच, गाडीत. ती म्हणाली, "मंग दवाखान्यात मी पण येते."

दातांच्या सरकारी दवाखान्यात चौघं बाकावर ओळीनं बसले. भिंतीवर तोंडांचे मोठे फोटो लावले होते. गुलाबचंदनं त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि तरी पाहिले. एकात त्याला ओमप्रकाशचा गाल दिसला. तो उठून जिन्यापर्यंत गेला. चेतन मागून आला आणि त्याची बाही धरली.

"बाबा, तुम्ही गेले त मीही जाईन."

तो परत येऊन बसला.

तपासायला डॉक्टर प्रीती म्हणून एक तरुण मुलगी होती. चेतनला तिनं चांगलं फटकारलं. अजून हातातलं आहे, ती म्हणाली, पण आजच्या आज बंद, एक दाणाही नाही, आणि रोज व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवत जायचं. गुलाबचंदच्या गालात ती टॉर्च लावून बराच वेळ पाहत राहिली. फटकारलं नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"काका, किती वर्षांपासून खाता?"

गाण्यातल्या तिसऱ्या कडव्यापासून, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. "मिसरूड फुटायच्या आधीपासून," तो म्हणाला.

तिनं गालातला छोटा तुकडा तपासणीसाठी काढून घेतला. निकाल सोमवारी.

आज शनिवार आहे. दुपारची जेवणं झाली आहेत. सोनकुसऱ्यांच्या घरात बाप आणि मुलगा भिंतीला टेकून समोरासमोर बसले आहेत आणि दोघांच्याही दातांमध्ये लाकडी काड्यांचा गठ्ठा आहे. कोणाला बोलता येत नाही. तोंडातून लाळ गळते, ती टॉवेलानं पुसायची. हर्षाला मधूनच हसू येतं, मग हसल्याची लाज वाटते. धम्मानंद खुर्चीवर बसून मांडीवरच्या कॅसिओवर खालचा एक सूर धरून आहे आणि "आ, बे, आ" म्हणतो आहे. गुलाबचंदची जीभ डाव्या गालाकडे जाते. तिथे आता टाका आहे. ती परत येते आणि पुन्हा जाते.

फोन वाजला. अंजनाबाईंनी उचलला.

"बर्डीवरून बोलून राहिले कोणी," त्या फोनवर हात ठेवून म्हणाल्या. "पोराची हळद आहे पुढच्या महिन्यात. मिसरूडचं गाणं पाहिजे म्हणतात, तुमच्याच आवाजात. काय सांगू?"

धम्मानंदनं बोट सुरावरून उचललं. चेतन बापाकडे पाहू लागला. गुलाबचंदनं तोंडातल्या काड्या एकेक करून काढल्या आणि टॉवेलावर ठेवल्या.

"तिसरं कडवं गाणार नाही, हे आधीच सांग," तो म्हणाला. "नाही, थांब. काहीच नको सांगू. सोमवारनंतर फोन करा म्हणावं."

अंजनाबाईंनी तेवढंच सांगितलं. गुलाबचंदनं काड्या पुन्हा दातांमध्ये धरल्या. शेवटची काडी बसेना. चेतननं पुढे वाकून ती बसवून दिली.